लिनक्स, व्हायरस आणि न उघडणारा ईमेल

ऑगस्ट २०२५ मध्ये इगतपुरीचं नाव पाऊस, धबधबे आणि विपश्यना यांखेरीज भलत्याच कारणाने देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. तिथलं एक रिसॉर्ट भाड्याने घेऊन मुंबईच्या काही मंडळींनी बेकायदा कॉल सेंटर थाटलं होतं. सीबीआयने छापा घातला तेव्हा ६२ जण परदेशातल्या लोकांशी फोनवर बोलत असतानाच सापडले. ‘ॲमेझॉनच्या मदत केंद्रातून बोलतोय’ अशी बतावणी करून अमेरिका, कॅनडा आणि इतर देशांतल्या लोकांना गंडवण्याचा हा धंदा. कामाची वाटणीही पद्धतशीर होती: फोन लावणारा डायलर, माहिती पक्की करणारा व्हेरिफायर आणि शेवटी पैसे काढून घेणारा क्लोजर. पाच जणांना अटक झाली. ४४ लॅपटॉप, ७१ मोबाइल, १ कोटी २० लाखांची रोकड, अर्धा किलो सोनं आणि सात महागड्या गाड्या जप्त झाल्या.

लिनक्सवरच्या प्रकरणाची सुरुवात या छाप्याने करण्याचं कारण असं, की अशा धंद्यात समोरच्याच्या टेबलावर विंडोज आहे, मॅक आहे की लिनक्स, याने फोन करणाऱ्याचं फारसं काही बिघडत नाही. समोरचा माणूस घाबरला आणि त्याने आपल्या तोंडाने कोड सांगितला, की काम झालं. व्हायरस लिहिण्याची मेहनत कोण घेतो? म्हणून ‘लिनक्सला व्हायरस लागतो का?’ असं कुणी विचारलं की मला आधी उलट विचारावंसं वाटतं, तुम्हाला नक्की काय वाचवायचंय? कॉम्प्युटर की त्याच्यामार्फत उघडणारी खाती? उत्तरं वेगवेगळी आहेत.

या दोन गोष्टींची गल्लत कशी होते त्याचा एक नमुना इगतपुरीतच पाहिला. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. भाच्याने त्यांचा दमलेला लॅपटॉप विंडोज काढून लिनक्स मिंटवर आणला होता आणि ‘आता व्हायरसची कटकट संपली’ असं सांगून ठेवलं होतं. ईमेलसाठी थंडरबर्ड. २०२२चा मे महिना संपला आणि थंडरबर्डने जीमेलचा पासवर्ड मागायला सुरुवात केली. टाकला तरी पुन्हा मागे.

“तू म्हणालास व्हायरस येत नाही. मग हे काय?”

“मामा, व्हायरस नाहीये हो. गूगलनेच दार बदललंय.”

“पासवर्ड तोच आहे. डायरीत लिहिलेला आहे माझ्याकडे.”

“तोच आहे, म्हणूनच चालत नाही.”

भाच्याचं बरोबर होतं. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसतं नाव आणि पासवर्ड घेऊन आत शिरणाऱ्या प्रोग्रॅमना प्रवेश बंद करायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी तेच सप्टेंबर २०२४ मध्ये केलं. आता या खात्यांसाठी थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅमला नेहमीचा पासवर्ड देऊन भागत नाही. तो ब्राउझरची एक खिडकी उघडतो, तुम्ही थेट गूगलच्या पानावर लॉगिन करता आणि गूगल त्या प्रोग्रॅमच्या हाती एक परवाना देतं. या पद्धतीला ओऑथ म्हणतात. थंडरबर्डमध्ये खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये जाऊन ‘नॉर्मल पासवर्ड’च्या जागी ‘ओऑथ-२’ निवडलं की प्रश्न मिटतो, मात्र पत्र आणणाऱ्या आणि पत्र धाडणाऱ्या दोन्ही सर्व्हरना वेगवेगळं निवडावं लागतं. बहुतेक लोक पहिलं बदलतात, दुसरं विसरतात आणि मग ‘पत्रं येतात पण जात नाहीत’ म्हणून हात टेकतात. ज्या जुन्या प्रोग्रॅमला ओऑथ कळतच नाही त्याच्यासाठी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ काढून घ्यावा लागतो.

जुन्या लॅपटॉपवरचं लॉगिन बिघडण्याची आणखी दोन कारणं इतकी साधी आहेत की ती कुणी तपासतच नाही. पहिलं घड्याळ. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली आणि लॅपटॉप पुरता बंद झाला, की चालू केल्यावर तारीख दहा-पंधरा वर्षं मागे गेलेली सापडते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. तुमच्या कॉम्प्युटरच्या मते आज २०१० साल असेल तर गूगलचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून ब्राउझर ‘हे ठिकाण धोकादायक आहे’ असं ओरडतो. इंटरनेट जोडलं की लिनक्स बहुधा वेळ आपोआप सुधारून घेतो, पण घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही रुसलेले असताना हा योग हमखास जुळतो. ऑथेंटिकेटर ॲपमधले सहा आकडी कोडही घड्याळावरच चालतात. तो ॲप ज्या यंत्रावर आहे त्याचं घड्याळ चुकलं की कोड चुकलाच.

दुसरं कारण खास आपलं, मराठी टंकणाऱ्यांचं. इनस्क्रिप्ट कळफलक चालू राहिलेला असतो आणि पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात. बोटं सवयीने इंग्रजी पासवर्ड मारत असतात आणि आत जात असतात काना, मात्रा, वेलांट्या. चार वेळा चुकलं की सेवा देणारी कंपनी खात्याला थोडा वेळ कुलूप घालते, आणि मग घरातला जाणता माणूस ‘हॅक झालं’ असं जाहीर करतो. पासवर्ड आधी एखाद्या कोऱ्या मजकुरात टंकून पाहावा, अक्षरं दिसतील. पाहून झाल्यावर तो पुसायला मात्र विसरू नये.

म्हणजे ईमेल उघडत नाही तेव्हा पहिला संशय व्हायरसवर घेऊ नये. चोराच्या दृष्टीने पाहिलं तरी हे पटेल. त्याला तुमचं खातं बंद पडायला नको असतं. ते चालू राहावं, तुम्ही निवांत असावं आणि तुमची पत्रं त्यानेही वाचावीत, यात त्याचा फायदा. काही चोर पासवर्ड बदलून मालकालाच बाहेर काढतात हे खरं, पण मग तुम्हाला निदान कळतं तरी.

आता व्हायरसचं. लिनुस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केला आणि पाचच वर्षांत, १९९६ मध्ये, त्यावरचा ‘स्टाओग’ नावाचा व्हायरस निघाला. १९९७च्या सुरुवातीला ‘ब्लिस’ आला. हा तर विलक्षण सभ्य. त्याला ठरावीक आज्ञा दिली, जिच्या शेवटी ‘प्लीज’ हा शब्द होता, की तो आपण बिघडवलेल्या फायली स्वतःच दुरुस्त करून देई. दोघेही फार पसरले नाहीत. जानेवारी २००१ मध्ये मात्र ‘रामेन’ नावाच्या वर्मने, म्हणजे आपणहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमने, रेड हॅट लिनक्सच्या ६.२ आणि ७.० या आवृत्त्यांवरचे सर्व्हर शोधून शोधून गाठले आणि त्यांच्या मुखपृष्ठांवर नूडल्सची स्तुती लिहून ठेवली. तेव्हा ‘लिनक्सला व्हायरस लागतच नाही’ हे वाक्य पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच खोटं ठरलेलं आहे.

तरी त्यात तथ्य आहे, आणि ते कशात आहे हे नीट समजून घ्यावं. लिनक्सवर सामान्य वापरकर्त्याला यंत्रणेच्या मूळ फायलींना हात लावता येत नाही. त्यासाठी ‘रूट’चा अधिकार लागतो आणि तो पासवर्ड देऊन घ्यावा लागतो. मेलमधून उतरवलेली फाइल आपोआप चालत नाही, तिला ‘चालण्याची परवानगी’ वेगळी द्यावी लागते. सॉफ्टवेअर कुठल्या तरी पानावरचं बटण दाबून उतरवायचं नसतं, ते आपापल्या वितरणाच्या, म्हणजे लिनक्सच्या आपण घेतलेल्या अवताराच्या, भांडारातून, सही तपासून येतं. शिवाय उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट अशी मंडळी एकमेकांपासून इतकी निराळी, की एकाच फटक्यात सगळ्यांना लागू पडेल असा व्हायरस लिहिणं जिकिरीचं. आणि जगातल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरांत लिनक्सचा वाटा शेकडा चार-पाचच्या घरात, म्हणजे चोराच्या हिशेबाला न परवडणारा. हे शेवटचं कारण लिनक्सप्रेमींना आवडत नाही. मला ते सर्वांत वजनदार वाटतं.

कारण जिथे हिशेब परवडतो तिथे लिनक्सवर सर्रास हल्ले होतात. सर्व्हर जाऊ द्या, घरातलाच राउटर बघा. इगतपुरी-घोटी पट्ट्यात फार्महाउसं आणि बंगले पिकले आहेत, मालक मुंबईत आणि फाटकावर सीसीटीव्ही. त्या कॅमेऱ्याचा रेकॉर्डर आणि त्याला जोडलेला राउटर, बहुतेक वेळा दोन्हींच्या पोटात लिनक्सच असतो. बसवणाऱ्याने कारखान्यातला ‘ॲडमिन-ॲडमिन’ पासवर्ड तसाच ठेवलेला. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने नेमका याचाच फायदा घेतला. अशा साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी घेऊन तो जगभरच्या कॅमेऱ्यांची आणि राउटरची दारं ठोठावत फिरला, आणि २१ ऑक्टोबरला ताब्यात आलेल्या उपकरणांच्या फौजेने ‘डाइन’ या कंपनीवर इतकी गर्दी लोटली की अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा अडखळल्या. कॅमेऱ्याच्या मालकांना बहुधा पत्ताही लागला नाही.

आपल्या देशातली गोष्ट याहून नेमकी आहे. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही डेबियनवर बेतलेली भारतीय लिनक्स प्रणाली २००७ मध्ये आली आणि पुढे अनेक सरकारी कार्यालयांत बसवली गेली. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारलेली ‘माया’ घेतल्याच्या बातम्या आल्या. आता लिनक्स वापरणारा माणूस म्हणजे कुणी हौशी विद्यार्थी उरला नाही, फायली सांभाळणारा सरकारी अधिकारी झाला. हिशेब परवडू लागला.

एप्रिल २०२३ मध्ये ‘अपटिक्स’ या कंपनीच्या संशोधकांनी एक प्रकार उघड केला. सरकारी ईमेल उघडण्यासाठी तेव्हा ‘कवच’ नावाचं पडताळणी ॲप लागत असे. हल्लेखोरांनी त्याचीच लिनक्ससाठी नकली आवृत्ती केली होती. ती चालवली की समोर खरं लॉगिन पान उघडे आणि पाठीमागे ‘पोसायडन’ नावाची हेरगिरीची चीज उतरे. संशय पाकिस्तानशी संबंधित ‘ट्रान्सपरंट ट्राइब’ या टोळीवर होता. ईमेल सुरक्षित करणाऱ्या ॲपच्याच वेशात चोर यावा, हे मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या क्विक हीलच्या ‘सेक्राइट’ या विभागाने ‘साइडकॉपी’ ही तशीच टोळी लिनक्ससाठी ‘एरिस’ नावाचं हेरगिरीचं हत्यार वापरत असल्याचं दाखवून दिलं.

जून २०२४ मधलं ‘डिस्गोमोजी’ तर सिनेमात शोभावं असं. ‘व्होलेक्सिटी’ने ते शोधलं. बॉस वापरणाऱ्या भारतीय सरकारी माणसांसाठीच ते बेतलेलं होतं. आमिष म्हणून सैन्याधिकाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे डीएसओपीचा, फॉर्म. अधिकाऱ्याचा मृत्यू झाल्यास पैसे कुणाला मिळावेत याविषयीचा. इगतपुरीहून नाशिककडे निघालं की वाटेत देवळाली लागते. तोफखान्याची शाळा असलेल्या त्या छावणीतल्या घरांत हा फॉर्म अनोळखी नाही. तो दिसला की माणूस उघडणारच. आत शिरलेला प्रोग्रॅम मग ‘डिस्कॉर्ड’ या गप्पांच्या सेवेवरून हुकूम घेई, आणि हुकूम असत इमोजींचे. पळता माणूस म्हणजे आज्ञा चालव. कॅमेरा म्हणजे स्क्रीनचा फोटो काढ. कोल्हा म्हणजे फायरफॉक्सची सगळी प्रोफाइल बांधून दे. कवटी म्हणजे काम आटोपतं घे. बॉसच्या नवव्या आवृत्तीवर ‘डर्टी पाइप’ नावाची, २०२२ मध्ये उघड झालेली कर्नेलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, फट वापरून रूट मिळवण्याचीही तयारी होती. फट बुजवणारी सुधारणा तर केव्हाच आलेली होती. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं त्यांच्यासाठी ही सोय.

यातल्या कोल्ह्यापाशी जरा थांबू. फायरफॉक्समध्ये पासवर्ड जपून ठेवलेत का? ते घरच्या फोल्डरात, ‘मोझिला’ नावाच्या एका लपलेल्या फोल्डरात असतात. लॉगिनची एक फाइल, तिच्या किल्लीची दुसरी, आणि लॉगिनची खूण सांभाळणाऱ्या कुकीजची तिसरी. मुख्य पासवर्ड घालून ठेवला नसेल तर किल्ली कुलपाशेजारीच टांगलेली. कुकीज हाती लागल्या तर पुष्कळदा पासवर्डही लागत नाही, ओटीपीही नाही. तुम्ही आधीच आत बसलेले आहात असं समोरच्या सेवेला वाटतं. आणि या तिन्ही फायली वाचायला रूटचा अधिकार लागत नाही. त्या तुमच्या आहेत, तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम त्या वाचू शकतो. लिनक्सची तटबंदी यंत्रणेला वाचवते. तुमच्या पत्रांना, फोटोंना आणि खात्यांना त्या तटबंदीचा उपयोग थोडा, कारण ती सगळी तटाच्या तुमच्याच बाजूला ठेवलेली असतात.

बॉसवर चालून आलेल्या काही फायलींचं रूपही पाहण्यासारखं आहे. लिनक्समध्ये ‘.डेस्कटॉप’ शेपटीची एक छोटी मजकूर फाइल असते. स्क्रीनवरचा शॉर्टकट म्हणजे तीच. तिच्यात मोजक्या ओळी: नाव काय दाखवायचं, चित्र कुठलं दाखवायचं आणि दाबल्यावर काय चालवायचं. नाव ‘बैठकीची सूचना पीडीएफ’, चित्र पीडीएफचं, आणि तिसऱ्या ओळीत इंटरनेटवरून काहीतरी उतरवून ते चालवण्याची आज्ञा. डोळ्यांत धूळ म्हणून सोबत एक खरी पीडीएफही उघडते. ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे इगतपुरीचा छापा पडला त्याच महिन्यात, अशाच फायलींचा आणखी एक मारा उघड झाला. ओळखायची युक्ती सोपी आहे. मेलमधून आलेली झिप सोडवल्यावर दिसलेली फाइल दोनदा टिचकी मारून उघडू नये. उजवी टिचकी देऊन मजकूर-संपादकात उघडावी. खरी पीडीएफ असेल तर बहुतेक अगम्य कचरा दिसेल. सरळ वाचता येणाऱ्या इंग्रजी ओळी दिसल्या आणि त्यांत ‘एक्झेक’ अशी सुरुवात असलेली ओळ सापडली, तर ती पीडीएफ नव्हे.

भांडारातूनच सॉफ्टवेअर घ्या, म्हणजे निर्धास्त, असंही मी म्हणणार नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी खुद्द लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून चोरांनी डाउनलोडचा दुवा बदलला आणि मागचं दार ठेवलेली मिंटची प्रत लोकांच्या गळ्यात मारली. जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या भांडारात ब्राउझर सुधारून देण्याचा आव आणणारी विषारी पॅकेजं सापडली. आणि मार्च २०२४ मधला ‘एक्स-झेड’चा प्रकार तर अंगावर काटा आणणारा. कुणा ‘जिया टॅन’ नावाच्या व्यक्तीने दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून एका छोट्या, पण जवळजवळ सगळ्या लिनक्सांत असलेल्या प्रकल्पाचा विश्वास मिळवला आणि मग त्यात मागचं दार बसवलं. ते सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर दुरून लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. दुसरा कुणी असता तर चहा प्यायला उठला असता. हा खणत बसला. आजवरच्या असंख्य लॉगिनच्या तक्रारींत खरोखर काळंबेरं निघालेली ही एक.

घरच्या लिनक्सवर अँटिव्हायरस घालावा का, असं मला नेहमी विचारतात. ‘क्लॅमएव्ही’ फुकट मिळतो. तो मुख्यतः मेल सर्व्हरवर, विंडोजचे व्हायरस गाळण्यासाठी वापरला जातो. तुम्हाला आलेली बाधित एक्सेल फाइल तुमच्या लिनक्सचं काही वाकडं करणार नाही, पण तुम्ही ती सोसायटीच्या खजिनदाराला पुढे धाडली आणि त्याच्याकडे विंडोज असलं तर त्याचं होईल. तेवढ्यापुरता तो असू द्यावा. बाकी आठवड्याला अपडेट चालवणं, राउटरचा पासवर्ड बदलणं आणि कुठल्याशा पानावर दिसलेली ‘सुडो’ने सुरू होणारी ओळ न समजता टर्मिनलमध्ये न चिकटवणं, याचा उपयोग जास्त. जी ओळ समजत नाही तिला रूटचा अधिकार द्यायचा, म्हणजे तटाचा दरवाजा आपणच उघडायचा.

आणि खातं खरोखर गेलंय असं वाटलं तर? क्रम महत्त्वाचा आहे. आधी दुसऱ्या, विश्वासाच्या फोनवरून पासवर्ड बदलावा. संशय असलेल्या यंत्रावरून बदललात तर नवा पासवर्डही त्याच वाटेने जाईल. मग सुरक्षिततेच्या पानावर जाऊन कुठकुठल्या उपकरणांवर खातं उघडं आहे ते पाहावं आणि अनोळखी सगळी बाहेर काढावीत. परत मिळवण्यासाठी दिलेला फोन आणि पर्यायी ईमेल तुमचेच आहेत ना, ते तपासावं. त्यानंतर सेटिंगमधल्या ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ या दोन जागा. इथे सहसा कुणी डोकावत नाही आणि मुरलेले चोर नेमके इथेच मुक्काम ठोकतात: बँकेकडून आलेलं प्रत्येक पत्र आपल्या पत्त्यावर वळवायचं आणि तुमच्याकडची प्रत पुसायची, असा एक नियम करून ठेवला की तुम्ही पासवर्ड दहादा बदला, तो नियम जागचा हलत नाही. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करावा. लिनक्स पुन्हा टाकायचं काम शेवटी, निवांत.

एवढं सगळं आटोपून थंडरबर्ड उघडलात आणि त्याने पुन्हा पासवर्ड मागितला, तर दचकू नका. गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की आधी काढलेले ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. नवा काढून घ्यावा.